डेक रंगवण्याआधी तारीख ठरवा

वाचक विचारतात : जहाजांच्या प्रतिकृती

"काका, मी अकरावीत आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. दहावीच्या निकालानंतर मामानं 'बिस्मार्क'चं १/३५० चं, म्हणजे खऱ्यापेक्षा साडेतीनशेपट लहान जहाजाचं किट आणून दिलं. जहाज जोडून झालंय, पण डेकपाशी दोन महिने अडकलोय. किटच्या कागदावर 'डेक टॅन' लिहिलंय. एका मित्रानं त्याचा डेक हळदीसारखा पिवळा केलाय, दुसऱ्यानं राखाडी. खरा कुठला? एकदा रंगवला की मागं फिरता येणार नाही, म्हणून ब्रश उचलवत नाही."

आधी मला एक सांग, तुझी 'बिस्मार्क' कुठल्या दिवसाची आहे?

हे जहाज जर्मन नौदलात दाखल झालं २४ ऑगस्ट १९४० ला आणि बुडालं २७ मे १९४१ ला. जेमतेम नऊ महिन्यांचं आयुष्य. पण त्या नऊ महिन्यांतही ते एकसारखं दिसलं नाही. मे १९४१ मध्ये बाल्टिक समुद्रातून बाहेर पडताना त्याच्या अंगावर काळे-पांढरे तिरके पट्टे होते. आपल्याच विमानांना वरून ओळखू यावं म्हणून डेकवर पुढं आणि मागं मोठं स्वस्तिकचिन्ह रंगवलेलं होतं. २१ मे रोजी जहाज नॉर्वेत बर्गेनजवळच्या फिओर्डमध्ये थांबलं, तेव्हा खलाशांनी ते पट्टे करड्या रंगानं बुजवून टाकले. पुढच्या सहा दिवसांत सगळं संपलं. तेव्हा वहीत पहिल्या ओळीवर तारीख लिही. तारीख नसेल तर रंगाच्या बाटल्यांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. तुझे दोन मित्र वेगवेगळ्या दिवसांची जहाजं करत असतील, किंवा दोघांनीही दिवस ठरवलेलाच नसेल.

आता लाकडाकडे येऊ. त्या डेकवर सागवान होतं. सागवानाबद्दल मी थोडं अधिकारानं बोलतो, कारण उद्यमनगरात एकतीस वर्षं मी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे साचे ज्यावरून घेतात ते नमुने केले आणि त्यातले निम्मे सागवानाचे होते. युद्धनौकांना सागवानच का, तर त्याच्या अंगात तेल असतं. ते पाण्यानं लवकर कुजत नाही, आणि मुख्य म्हणजे लोखंडाला खात नाही. ओकच्या लाकडात आम्ल असतं, त्यामुळं त्यातले लोखंडी बोल्ट झिजतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानातून बांधलेलं 'ट्रिंकोमली' १८१७ सालचं आहे आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. पुढं पोलादी युद्धनौका आल्या तरी डेकवर सागवानाच्या फळ्या राहिल्या. पायाला पकड मिळते, आणि खालच्या खोल्यांना उन्हाचा आणि थंडीचा मारा कमी बसतो.

पण सागवानाचा रंग एक नसतो. आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराला सागवानी दार आहे. वळचणीखालचा वरचा भाग अजून तपकिरी आहे, आणि पाऊस जिथं झोडपतो तो खालचा हातभर भाग चांदीसारखा करडा. दार एक, सुतार एक, झाड एक. तुझ्या मित्रांचे दोन्ही रंग त्या एकाच दारावर सापडतील.

हे नीट कळावं म्हणून मी काही वर्षांपूर्वी गच्चीवर एक प्रयोग केला. पॅटर्नच्या एकाच तुकड्यातून तीन फळ्या कापल्या. पहिली कपाटात ठेवली. दुसरी गच्चीवर टाकली आणि तिला हात लावला नाही. तिसरी तिच्याशेजारीच ठेवली, पण दर रविवारी बारीक वाळू, पाणी आणि काथ्याचा ब्रश घेऊन घासली, कारण नौदलात खलाशी डेक असाच घासत. जून ते ऑक्टोबर हा उद्योग चालला. दिवाळीला तिन्ही शेजारी ठेवल्या तर कपाटातली मधासारखी, न घासलेली राखेसारखी आणि तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके, आणि घासलेली गव्हाच्या वाळलेल्या काडासारखी फिकट. घासल्यानं वरचा करडा थर निघून जातो आणि खालचं लाकूड उघडं पडतं, पण मूळचा तांबूसपणा परत येत नाही.

'बिस्मार्क'चा डेक या तिसऱ्या फळीसारखा असणार. जहाज नवं, खलाशी शिस्तीचे, डेक रोज घासलेला. म्हणून फिकट, किंचित करडी झाक असलेला, काडाचा रंग. हळदी पिवळा नव्हे आणि पूर्ण राखाडीही नव्हे. १९८९ साली सागरसंशोधक रॉबर्ट बॅलार्डना समुद्राच्या तळाशी ही नौका सापडली, पावणेपाच किलोमीटरपेक्षाही खोल. तिथं डेकच्या बऱ्याचशा फळ्या अजून जागेवर आहेत. ती चित्रं जरूर बघ, पण रंग तिथून घेऊ नकोस. इतकी वर्षं मिठाच्या पाण्यात, अंधारात पडलेलं लाकूड आणि कॅमेऱ्याच्या दिव्याचा उजेड, यातून १९४१ सालच्या उन्हातला रंग कळत नाही.

बाटल्यांचं म्हणशील तर टामिया या जपानी कंपनीच्या 'एक्सएफ-५५ डेक टॅन'पासून सुरुवात कर. 'एक्सएफ-७८ वुडन डेक टॅन' मला या जहाजासाठी जास्त तांबूस वाटतो. तो थोडासा मिसळायला ठेव. आयात बाटल्या परवडत नसतील तर महाद्वार रोडवरच्या चित्रकलेच्या दुकानातून साधे ॲक्रिलिक घे. पांढऱ्याचे सहा भाग, रॉ सिएनाचे दोन, रॉ अंबरचा एक, आणि टाचणीच्या टोकाएवढा अल्ट्रामरीन. हे प्रमाण माझ्या घासलेल्या फळीशी जुळवलेलं आहे. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, हे लक्षात ठेव. ओल्या रंगावरून निकाल देऊ नकोस. प्लॅस्टिकच्या चमच्यावर लाव, रात्रभर वाळू दे, सकाळी खिडकीत धर. एलईडीखाली जुळलेला रंग दिवसाउजेडी वेगळा निघतो, हे मी अनेकदा पाहिलंय. तुझं जहाज शोकेसमध्ये ज्या दिव्याखाली राहणार आहे, तिथंही एकदा धरून बघ.

आणि एक गोष्ट, जी मला पॅटर्नच्या कामानं शिकवली. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर आकसतं. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी साध्या पट्टीपेक्षा मोठी असते, तिच्यावरचा एक मीटर म्हणजे १०१ सेंटिमीटर. साध्या पट्टीनं पॅटर्न केला तर माप अगदी अचूक, आणि कास्टिंग लहान येऊन भंगारात. रंगालाही अशीच सूट द्यावी लागते. २५१ मीटरचं जहाज तुझ्या टेबलावर ७२ सेंटिमीटरचं झालं. ते तू साठ सेंटिमीटरवरून बघतोस, म्हणजे खऱ्या जहाजाकडे २१० मीटरवरून बघितल्यासारखं. रंकाळ्याच्या काठावर उभा राहा आणि पलीकडे शालिनी पॅलेसच्या बाजूची झाडं बघ. तुझ्या डोक्यावरच्या झाडाचं पान आणि तिकडचं पान सारखंच हिरवं, पण तिकडचं फिकट आणि निळसर दिसतं, मधली हवा रंग खाते. म्हणून खऱ्या लाकडाशी तंतोतंत जुळवलेला रंगही छोट्या जहाजावर गडद आणि जड वाटतो. जुळवून झाल्यावर त्यात दहाव्या हिश्शाइतका पांढरा घाल. १/७०० असेल तर त्याच्या दुप्पट. हे काही शास्त्रातलं सूत्र नाही, माझ्या डोळ्याचा अंदाज आहे. तुझा डोळा थोडं वेगळं सांगेल, तेव्हा त्याचं ऐक.

फळ्यांच्या रेघांबद्दलही सांगतो, कारण पुढची चूक तिथंच होते. डेकची फळी समज दहा-बारा सेंटिमीटर रुंद. १/३५० ला एका मिलिमीटरात तीन फळ्या बसतात. दोन फळ्यांमधली डांबराची फट अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, ती लहान केली तर केसापेक्षाही कितीतरी बारीक होते. दोनशे मीटरवरून ती दिसणारच नाही. किटमध्ये कोरलेल्या रेघा मुळातच जाड आहेत, त्यात काळं भरलंस तर डेकचा पत्र्याच्या पन्हाळीसारखा देखावा होईल. टर्पेंटाइनमध्ये बर्न्ट अंबर अगदी पातळ कर, डेकच्या रंगापेक्षा जेमतेम दोन पायऱ्या गडद, आणि ओढलंस की लगेच कोरड्या ब्रशनं पुसून घे. फळ्यांमध्ये थोडा फरक हवा म्हणून मूळ रंगाच्या चार छटा करून इकडतिकडच्या फळ्या रंगव, पण त्या छटा इतक्या जवळच्या हव्यात की तुझ्या आईला विचारल्याशिवाय दिसू नयेत. हे काम आठ दिवस खाईल. घाई करू नकोस, डेक म्हणजे वरून बघणाऱ्याला दिसणारं निम्मं जहाज आहे.

चिकटवायचे खऱ्या लाकडाचे तयार डेकही मिळतात. मी दोनदा वापरले. फळ्यांच्या रेघा सुरेख असतात, पण लाकडाचे रेषे खऱ्या आकाराचेच राहतात, ते लहान होत नाहीत, आणि रंग बहुतेक वेळा फार पिवळा असतो. मला रंगवलेला डेक जास्त खरा वाटतो.

"जयसिंगपूरहून लिहितोय. 'न्यू जर्सी' ही अमेरिकन युद्धनौका १९४४ सालची करतोय. तिच्यावरही सागवानच होतं ना? मग माहितीपत्रकात डेक निळा का दाखवलाय? छपाईची चूक असावी का?"

चूक नाही. तिथं सागवानच होतं, पण त्यावर निळा रंग चढवलेला होता. वरून येणाऱ्या विमानाला पाण्यावरचा फिकट लाकडी पट्टा लांबून दिसतो, म्हणून युद्धकाळात अमेरिकन नौदलानं डेक गडद करायचा हुकूम काढला. रंगाचं नाव 'डेक ब्लू', क्रमांक २०-बी. बाजूच्या भिंती ज्या रंगयोजनेत 'नेव्ही ब्लू' होत्या, तिचा क्रमांक २१. योजना २२ मध्येही डेक निळाच. युद्धानंतर तो निळा काढून लाकूड पुन्हा उघडं केलं. आज ती नौका न्यू जर्सी राज्यात कॅम्डेनला संग्रहालय म्हणून उभी आहे आणि तिथले पर्यटकांचे फोटो सगळीकडे दिसतात, त्यात डेक लाकडी आहे. फोटो खरे आहेत, पण १९४४ चे नाहीत.

२०-बी बाटलीतून थेट मारलात तर जवळजवळ काळा दिसेल. तोही वर सांगितल्याप्रमाणे फिका करा. आणि निळा लाकडावर मारलेला आहे हे दाखवायचं असेल तर जिथं पायांची वर्दळ, जिन्यांच्या तोंडाशी आणि तोफांच्या भोवती, तिथं कोरड्या ब्रशनं करडी झाक द्या. पिवळं लाकूड उघडं दाखवू नका.

"माझं इचलकरंजीत डाईंगचं काम आहे, त्यामुळे शेड जुळवणं रोजचंच. जपानी क्रूझरच्या डेकला 'लिनोलियम' म्हणतात. हा नक्की कुठला रंग? आणि त्यावर आडव्या पिवळ्या रेघा कसल्या?"

तुम्ही शेड जुळवणारे, तेव्हा तुम्हाला पदार्थच सांगतो, रंग आपोआप कळेल. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल आटवून घट्ट करायचं, त्यात बुचाच्या झाडाचा भुसा आणि लाकडाचा भुसा मिसळायचा आणि तागाच्या कापडावर थापायचं. तेल, भुसा आणि तांबूस रंगद्रव्य. जपानी क्रूझर आणि विनाशिकांवर हे पोलादी डेकवर अंथरलेलं असे, आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यावर पितळी पट्टी ठोकलेली असे. त्याच त्या पिवळ्या रेघा.

रंगाचं म्हणाल तर दोन-तीन वर्षं वापरलेली, तेल दिलेली कोल्हापुरी चप्पल घ्या आणि अंगठ्याशेजारचा भाग बघा. तांबूस तपकिरी, लालभडक नव्हे. टामियाचा 'एक्सएफ-७९' त्याच्या जवळ जातो. पितळेला सोनेरी रंग लावू नका. समुद्राच्या हवेत पितळ चार दिवसांत मंद होतं. यलो ऑकरमध्ये तपकिरी मिसळून रेघ ओढा. १/७०० असेल तर ती रेघ इतकी पुसट ठेवा की जहाज हातात फिरवल्यावरच डोळ्यांत भरावी.

'यामातो' ही जपानी युद्धनौका करणार असाल तर मात्र हे लागू नाही. तिथं लाकूड होतं, आणि तेही सागवान नव्हे, हिनोकी नावाच्या जपानी झाडाचं. सागवानापेक्षा मुळातच फिकं.

जुन्या कृष्णधवल फोटोवरून शेड काढताना एक जपा. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नसे, म्हणून तांबडी वस्तू काळपट यायची आणि निळी वस्तू उजळ. लिनोलियम फोटोत गडद दिसतं म्हणून ते तितकं गडद होतं असं नाही.

"गडहिंग्लजहून. पावसाळ्यात स्प्रे केलेल्या रंगावर पांढरी साय येते. रंग खराब का?"

रंग चांगला आहे, हवा ओली आहे. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर स्प्रे करूच नका. त्या दोन महिन्यांत ब्रशची कामं, जोडकाम, घासकाम करा. साय आलीच असेल तर कोरड्या दुपारी नुसत्या, सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका हात मारा, बहुतेक वेळा जाते. कॉम्प्रेसरला पाणी पकडणारी बाटली नसेल तर आधी ती बसवा.

"सर, मी सैनिक टाकळीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वडील नौदलात होते आणि १९७१ साली 'विक्रांत'वर होते. येत्या वर्षी त्यांची पंचाहत्तरी आहे. मी पुठ्ठा आणि प्लायवूडची १/४०० ची 'विक्रांत' करतेय, त्यांना माहीत नाही. माझ्याकडे त्यांचा डेकवरचा एकच फोटो आहे, तोही कृष्णधवल. डेकचा रंग त्यावरून कसा काढू? सोबत फोटोची झेरॉक्स पाठवतेय."

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

'विक्रांत'ची लांबी २१३ मीटर, म्हणजे तुमचं जहाज ५३ सेंटिमीटरचं होईल. हिच्या उड्डाण डेकवर लाकूड नव्हतं, पोलाद होतं, तेव्हा वरच्या पत्रांतलं सागवान पूर्ण विसरा. विमानवाहू नौकेच्या डेकवर खरखरीत रंग लावतात, विमानाची चाकं आणि माणसांचे पाय घसरू नयेत म्हणून. रंग गडद करडा. प्रश्न इतकाच की किती गडद, आणि त्याचं उत्तर तुमच्या फोटोतच आहे.

वडील पांढऱ्या गणवेशात आहेत आणि पायात काळे बूट आहेत. ही दोन टोकं तुम्हाला आयती मिळाली. कागदाची एक पट्टी घ्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याचे दहा घर रंगवा. पोस्टर कलर चालेल, तुमच्या शाळेत असेलच. पट्टी मूळ फोटोशेजारी ठेवा. झेरॉक्सशेजारी नको, झेरॉक्स मधल्या छटा खाऊन टाकते. गणवेश कुठल्या घराशी जुळतो, बूट कुठल्या घराशी आणि डेक कुठल्या, हे तीन आकडे लिहा. फोटोचा कागद पिवळा पडला असला तरी तिन्ही गोष्टी सारख्याच पिवळ्या पडल्यात, त्यामुळं त्यांच्यातलं अंतर टिकून असतं. मला झेरॉक्सवरून डेक बुटांच्या बाजूला झुकलेला वाटतो, पण सावल्या आखूड आहेत, म्हणजे ऊन डोक्यावर आहे, आणि अशा उन्हात खरखरीत डेक उजळतो. जो आकडा येईल त्यापेक्षा एक घर फिका रंग तुमच्या ५३ सेंटिमीटरच्या जहाजावर बरोबर बसेल. करडा नुसत्या काळ्या-पांढऱ्याचा करू नका, तो मेलेला दिसतो. त्यात थोडा अल्ट्रामरीन आणि त्याहून थोडा बर्न्ट अंबर घाला.

खरखरीतपणा दाखवायला वाळू चिकटवू नका. चारशेपट लहान केल्यावर तो खरखरीतपणा उरत नाही. पूर्ण मॅट रंग पुरे. चाकांच्या काळपट खुणा मात्र द्या, विमानं उतरायची त्या तिरक्या डेकच्या मागच्या भागात, पुढंमागं ओढलेल्या, आडव्या नकोत. डिसेंबर १९७१ मध्ये या डेकवरून सी हॉक आणि अलिझे विमानं ४ तारखेपासून कॉक्स बाजार आणि चितगाववर जात होती. तो डेक तेव्हा स्वच्छ नव्हता. पुढच्या बाजूला वाफेच्या कॅटपल्टची, म्हणजे विमानाला झटक्यात पुढं फेकणाऱ्या यंत्राची खाच आहे, तिच्या कडेला तेलकट काळा हात द्या.

मुंबईला ती संग्रहालय होती तेव्हा मी डेकवर जाऊन आलोय. तेव्हाचे फोटो रंगासाठी वापरू नका. रंगाचे थर चढलेले होते, मधे गंज होता, आणि ती निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ३१ जानेवारी १९९७ ला ती सेवेतून निवृत्त झाली, २०१४ साली मोडीत निघाली. आता तो डेक कुठंच नाही. तो ज्यांच्या पायाखाली होता अशी माणसं आहेत, आणि त्यातले एक तुमच्या घरी आहेत.

म्हणून त्यांच्याशी बोला. जहाजाचं सांगू नका, नुसतं बोलता बोलता विचारा. "अण्णा, डेक काळा होता का?" असं विचारू नका, पन्नास वर्षांनी माणूस हो म्हणून जातो. दुपारी डेकवर उघड्या हातानं टेकता यायचं का, ते विचारा. पाऊस पडून गेल्यावर डेक कसा दिसायचा, पांढऱ्या पँटचा गुडघा टेकला तर कसला डाग पडायचा, पांढऱ्या रेघा दर किती दिवसांनी पुन्हा माराव्या लागायच्या आणि कोण मारायचं, तेही विचारा. रंग त्यांना आठवेल न आठवेल, पण डाग आठवेल. पँट धुवायला लागलेली असते.

ते जे सांगतील ते तुमच्या दहा घरांच्या पट्टीशी जुळलं नाही, तर त्यांचं धरा. हे जहाज त्यांच्यासाठी आहे.

मूळ फोटो टपालानं पाठवू नका. पट्टी तयार झाली की फोटोशेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर चित्र काढा आणि तेवढं पाठवा. तीन आकडे आणि त्या डागाबद्दल ते जे म्हणाले ते सोबत लिहा. मिश्रण मी इथं करून, चमच्यावर वाळवून, तो चमचाच तुम्हाला पाठवतो.